पडला का तिकडं?

परभणीतल्या माणसाला दोन पत्ते असतात. एक आधार कार्डावरचा, दुसरा सातबाऱ्यावरचा. पहिल्या पत्त्यावर विजेचं बिल येतं. दुसऱ्यावर त्याचा जीव राहतो.

२०११ च्या जनगणनेने महाराष्ट्राची सरळ वाटणी केली : शंभरातली पंचेचाळीस माणसं शहरात, पंचावन्न खेड्यात. परभणी जिल्ह्यात शहरवाले जेमतेम एकतीस. त्याच वर्षी परभणीला महानगरपालिका झाली आणि आम्ही रात्री गावात झोपलो ते सकाळी महानगरात उठलो. म्हशींना मात्र हे कुणी कळवलं नाही. त्या अजूनही भर रस्त्यात बसून रवंथ करतात आणि महानगर त्यांना वळसा घालून जातं.

जनगणनेला जमलं नाही ते एवढंच, की या एकतीस जणांतले खरोखर शहरी किती ते मोजणं. आमच्या गल्लीत बँकेतले साहेब आहेत, दोन मास्तर आहेत, एक वकील, एक मेडिकलवाला आहे. कागदोपत्री सगळे नोकरदार-व्यावसायिक. पण मृगाच्या तोंडावर संध्याकाळी गच्चीवर बघा. एकेकजण जिंतूरच्या, पालमच्या, सोनपेठच्या दिशेला तोंड करून उभा. कानाला फोन. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच : "पडला का तिकडं?"

"कशाचा पडतोय! नुसतं आभाळ येऊन चाललंय."

"आपल्या वावरावर तर आला असंल की!"

"रस्त्याच्या पल्याड पडला. आपल्याकडं नाही."

हे रस्त्याच्या पल्याड पडणं फार जिव्हारी लागतं. चुलत्याच्या वावरात पाऊस आणि आपलं कोरडं, हा अन्याय कोणत्याही कोर्टात चालत नाही. वकीलसाहेबांनीच सांगितलंय.

अंदाजांची मात्र आम्हाला टंचाई नाही. कृषी विद्यापीठ दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला देतं. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचा अंदाज मोबाइलवर फिरत फिरत दिवसातून चारदा आपल्याकडेच परत येतो. पंचांगात नक्षत्राचं वाहन असतं. हत्ती, बेडूक किंवा म्हैस निघाली की सासरे खुशीत, आणि कोल्हा निघाला की किराणावाला उधारी आखडती घेतो. शिवाय शेजारच्या मावशींचा गुडघा आहे. चारही एकाच वेळी खरे ठरत नाहीत. पण गुडघ्याचा अंदाज चुकला तरी मावशींना कुणी जाब विचारत नाही, एवढी सोय त्यांना आहे.

शहरातला हा शेतकरी नीट बघायचा असेल तर १८ मे रोजी कृषी विद्यापीठात जावं. १८ मे १९७२ ला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. वर्धापनदिनाच्या सुमारास तिथे खरिपाचा मेळावा भरतो आणि बियाण्यासाठी रांग लागते. ऊन असं की सावलीलाही सावली हवी. एकदा त्या रांगेत शहरातले एक नामांकित डॉक्टर उभे होते. त्यांच्या दवाखान्यात नंबर लावायला आम्ही पहाटे उठतो. इथे त्यांचाच नंबर पुष्कळ मागे होता. त्यांच्या पुढे उभा होता त्यांचाच एक पेशंट. डोक्याला उपरणं, हातात रिकामी पिशवी.

"साहेब, कोणतं घेऊ लागलात? एकाहत्तर का सहाशे बारा?"

"तुम्हीच सांगा. मागच्या साली माझं सगळं पिवळं पडलं होतं."

पेशंट गंभीर झाला. "पानं कशी होती? शिरा हिरव्या राहून मधलंच पिवळं, का ठिपक्याठिपक्यानं?"

"ठिपक्याठिपक्यानं."

"मग ते लोह कमी पडल्याचं नाही. पिवळा मोझॅक तो. पांढरी माशी पसरवती. दिसलं की ते झाड उपटून टाकायचं, बांधावर ठेवायचं नाही. तुम्ही दाखवलं कुणाला?"

"नाही, वाटलं आपोआप जाईल."

"असं अंगावर काढायचं नसतं, साहेब!"

हे वाक्य त्याने कुठे ऐकलं होतं ते सांगायला नको. डॉक्टरांनी मान खाली घातली. फी मात्र त्याने घेतली नाही. सोयाबीनच्या वाणांचे हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही मटक्याचा नंबर लावतोय. फारसं खोटंही नाही ते.

पेरणी झाली की शहराचा सगळा व्यवहार एका वायद्यावर चालतो : सोयाबीन आल्यावर. कपड्याची उधारी सोयाबीन आल्यावर, पोराची फी सोयाबीन आल्यावर, पोरीचं बघणं सोयाबीन आल्यावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते एकदाचं येतं आणि मोंढ्यात जातं. तिथे आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली धरतो. कट्ट आवाज आला तर बरं. नाही आला तर तो नुसतं म्हणतो, "वल्लं हाय." त्या दोन शब्दांत घ्यायचा ठरलेला फ्रिज जातो. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. दिवाळीच्या सुमारास मोंढ्यातला भाव त्याच्या खालीच रेंगाळला. हमीभावाने विकायचं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. त्यामुळे जून महिन्यात ज्या ओलीसाठी आम्ही देव पाण्यात घालतो, तीच ओल ऑक्टोबरमध्ये दाण्यातून निघावी म्हणून अंगणात ताडपत्री घालून बसतो. देवाचाही गोंधळ होत असणार.

लग्नाच्या बाजारात तर वावराची गंमत न्यारी. मुलीकडच्यांना जावई नोकरीवालाच हवा. पण बायोडाट्यात चार एकर बागायत नसेल तर तोंडं वाकडी. आणि मुलगी वावरात पाय ठेवणार नाही, हेही आधीच ठरलेलं. म्हणजे वावर हवं, पण ते फोटोतल्या आजोबांसारखं : भिंतीवर असावं, घरात हिंडू नये.

पोरं मग रेल्वेने पुण्याला जातात. त्यांना निरोप देताना 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण कुणीतरी म्हणतोच. निजामाच्या काळापासूनची ही हिंदी अजून आमच्या जिभेवर आहे. लोक नावं ठेवायच्या आत आपणच म्हणून टाकलेलं बरं, हा परभणीचा स्वभाव. पोरांचं तिकडे बनतंही. पण माझा आतेभाऊ हिंजवडीत एसीत बसून आखाड्यावरच्या सालगड्याला विचारतो, "वापसा झाला का?" त्याच्या साहेबाला वाटतं, हा परदेशातल्या क्लायंटशी बोलतोय.

हा व्यवहार एकतर्फी नाही, हे पुण्यामुंबईच्या माणसांनी ध्यानात ठेवावं. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते नारायण सुर्वे, मुंबईच्या गिरणगावाचे कवी. आम्ही वर्षानुवर्षं कापूस पिकवला, तिकडून कवी आला. इतका चांगला मोबदला कापसाला त्यानंतर मिळालेला नाही.

बाकी महाराष्ट्र आमच्याकडे बघतो तो फक्त थंडीत. पारा चार-पाच अंशांवर आला की परभणी महाबळेश्वरपेक्षा गार, अशा बातम्या येतात. हॉटेलं तिथे, थंडी इथे. मे महिन्यात तोच पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा मात्र महाबळेश्वरशी कुणी तुलना करत नाही.

तेव्हा यायचं तर जानेवारीत या. आगटीत भाजलेलं गरम कणीस तळहातावर चोळून हुरडा काढून देऊ, सोबत गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. खास हुरड्यासाठी विद्यापीठाने परभणी वसंत नावाचं वाण काढलंय, तेही चाखा. पैसे विचारू नका, यजमान नाराज होईल. जूनमध्ये येऊ नका. आलात तर चहा मिळेल, लक्ष मिळणार नाही. आणि कोणत्याही महिन्यात आलात तरी जेवण होईपर्यंत सोयाबीनचा भाव तेवढा काढू नका.