भिंत कुणाच्या वाट्यातली?

नारायण पेठेतला एक वाडा सध्या एकत्र होतोय. माणसं नव्हे, फक्त खोल्या.

१९६१ साली पानशेतचं पाणी शिरलं तेव्हा पांढऱ्या मातीच्या भिंती खचल्या, पण सागवानी खांब-तुळया जागच्या हलल्या नाहीत. पुराला जे जमलं नाही ते पुढे तीन भावांनी तोंडी वाटण्या करून जमवलं. ओसरीच्या मधोमध साडेचार इंची भिंत उठली, आणि ती इतकी काटेकोर की महिरपीखालचा कोरीव खांब बरोब्बर निम्मा इकडे, निम्मा तिकडे. थोरल्यांनी आपल्या अर्ध्याला पोपटी ऑइलपेंट फासला, मधल्यांनी आपल्या अर्ध्याला गुलाबी. माजघरात प्लायवूड आलं, जिन्याला कुलूप लागलं आणि दिंडीदरवाज्याशी विजेचे मीटर वंशावळीसारखे एकाखाली एक टांगले गेले.

पूर्वी पुण्यात वाडा पाडायचा आणि वर उठलेल्या अपार्टमेंटला 'अमुकतमुक वाडा' असं नाव द्यायचं, की पूर्वजांचं ऋण फिटायचं. आता धाकट्यांचा मुलगा आर्किटेक्ट झालाय, त्यामुळे ते सुख गेलं. त्याने लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं: मधल्या भिंती गुल, चौकावर काच, ओसरीवर को-वर्किंग, माजघरात कम्युनिटी किचन आणि माडीवर हिंजवडीला जाणाऱ्या पोरापोरींसाठी बेडवारी भाड्याच्या खोल्या. सख्ख्या भावांना फुकटात जमलं नाही ते परकी मुलं पैसे भरून करणार! चित्रात ओसरीवर सहा हसरी माणसं बसलेली आहेत. त्यात घरचं कुणीच नाही. तिघा भावांना चित्रात घ्यावं असा विषय निघाला होता, पण कोण कुणाशेजारी बसणार यावर बारगळला.

एकत्र बसायला जागा हवी, यावर मात्र एकमत आहे. ती दुसऱ्याच्या वाट्यातून काढावी, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं. खांबाचा रंग खरवडायचा ठरला, तर मजुरीवर बैठक झाली. मधले म्हणाले, "आमचा गुलाबी एकाच हाताचा आहे. पोपटीचे थर मोजा आणि थरांप्रमाणे पैसे लावा." त्यावर थोरल्या वहिनी आतून बाहेर आल्या. "दर दिवाळीला रंग काढत होतो, त्याचा हा दंड का, भावजी?"

मग कागदपत्रं निघाली. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबाच नांदतायत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिलाय, असं वकिलांनी सांगितलं, तेव्हा तिन्ही भावांना ठाण्याच्या अक्कांची एकाच वेळी आठवण झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिघं एका गाडीतून गेले, पैठणी आणि हक्कसोडपत्र घेऊन. अक्कांनी जेवायला वाढलं, पैठणीचा पदर उलटसुलट पाहिला आणि पैठणी ठेवून घेतली. सहीचं म्हणाल, तर चष्मा सापडला नाही.

उरले जिन्याखालचे भाडेकरू काका. त्यांच्या भाड्यात आता बाकरवडीचा पुडाही येत नाही, पण १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्यांच्या पाठीशी उभा आहे. पोरगा त्यांना सामूहिक जीवनाचं महत्त्व पटवायला गेला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, ट्रंक उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुनी भाडेपावती काढली. खाली आजोबांची सही आणि वर त्यांच्याच अक्षरात: 'खण दोन. चौक, नळ व संडास सामाईक.'

"बाळ, तुझ्या आजोबांनी हे कधीच देऊन ठेवलंय," काका म्हणाले. "काच बसव हवी तर. पण आमच्या हिचे पापड चौकात वाळतात. ऊन कमी पडलं तर मी कोर्टात जाईन."

सध्या नवा आराखडा चाललाय. काचेत पापडांपुरती मोकळी जागा सोडली आहे. अक्कांची खोली अजून कुठे दाखवलेली नाही.