झेलकऱ्यांची निवड

मिनिआपोलिस, ऑगस्टअखेर

ती. आप्पा (मु. शिरूर) व ती. मामा (मु. दौंड) यांस,

वाईड रिसीव्हर म्हणजे अमेरिकी फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेला उभा राहून, क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावता धावता झेलणारा गडी. वारकरी, टाळकरी या चालीवर मिनिआपोलिसच्या या घरात त्याला ‘झेलकरी’ म्हणतात; पुढेही तोच शब्द योजला आहे. खेळाच्या नावात ‘फूट’ असले तरी चेंडूला पाय लागण्याचे प्रसंग मोजकेच येतात. एवढे एकदा पत्करले की बाकीचा खेळ समजायला जड जात नाही.

प्रत्येक व्यावसायिक संघ उन्हाळी सरावाला ९० गडी ठेवतो. तीन सराव सामने होतात आणि ऑगस्टअखेरच्या एका मंगळवारी यादी ५३ वर आणावी लागते. २०२३ पासून ही छाटणी हप्त्याहप्त्याने न होता एकदम होते. संघ ३२, प्रत्येकाने काढायचे ३७. हिशेबाने एका दुपारी ११८४ जण घरी. मुदत न्यूयॉर्कच्या घड्याळाने दुपारी चारची, म्हणजे शिरूरला रात्रीचे दीड. गेल्या मंगळवारी त्या वेळी वाजलेला फोन कसल्याही अशुभ बातमीचा नव्हता. नातवाला यादी आजोबांच्या कानावर घालायची होती. झोपेतून उठून आप्पांनी विचारले, “नुसतं झेलायला माणसं लागतात किती?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर फोनवर मावणारे नाही.

संख्येचे उत्तर पाच किंवा सहा. ५३ पैकी तीन जागा चेंडूला लाथ मारणाऱ्या दोघांच्या आणि त्यांना चेंडू मागे सारून देणाऱ्या एकाच्या. उरलेल्या पन्नासांत निम्मे चढाईचे, निम्मे बचावाचे. चढाईच्या पंचविसांत दोन-तीन क्वार्टरबॅक, त्यांच्यापुढे भिंत धरणारे नऊ-दहा पहिलवान, चेंडू पोटाशी धरून घुसणारे तीन-चार, आणि अर्धे पहिलवान अर्धे झेलकरी असे तीन-चार ‘टाइट एंड’. एवढ्यांची पाने मांडून झाली की जी उरतात ती झेलकऱ्यांची. सरावाला मात्र दहा-बारा आलेले असतात. पंगतीला बसलेल्यांपैकी निम्म्यांना उठवायचे, असे हे काम आहे.

पहिल्या तिघांबद्दल सहसा वाद नसतो. नियमानुसार चढाईच्या संघाचे किमान सात गडी पुढच्या रेषेवर उभे लागतात. त्या रेषेच्या एका टोकाला उभा राहणारा झेलकरी ‘एक्स’. त्याच्या छातीशी बचावाचा गडी भिडलेला असतो, म्हणून तो धिप्पाड आणि धक्का पचवणारा हवा. दुसऱ्या बाजूचा ‘झेड’ रेषेच्या पाऊलभर मागे राहतो. त्याला मोकळी सुरुवात मिळते, म्हणून तो वेगवान चालतो. तिसरा आतल्या बाजूला, गर्दीच्या कडेशी उभा राहतो. त्याच्या जागेला ‘स्लॉट’ म्हणतात. त्याला उंची नसली तरी चालते. एसटीच्या दारातल्या गर्दीतून खिडकीजवळची जागा पटकावणारी नजर मात्र हवी.

या तिघांची परीक्षा नुसत्या वेगावर होत नाही. उमेदवारांना ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळवून घड्याळ लावतात. २०२४ मध्ये झेवियर वर्दीने हे अंतर ४.२१ सेकंदांत तोडले; हा त्या चाचणीचा विक्रम आहे. पण सामन्यात सरळ कोणी पळू देत नाही. प्रत्येक झेलकऱ्याला ठरलेली वाट असते, ती अमुक पावलांवर वळते आणि क्वार्टरबॅक त्या वळणावर चेंडू आधीच सोडून देतो. मामांसाठी हे दौंडच्या भाषेत सांगता येते. पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंड जंक्शनात शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी आल्या तोंडाने बाहेर पडायची. सरळ धावत जाऊन एकाएकी तोंड फिरवण्याच्या वाटेला येथे ‘कमबॅक’ म्हणतात. पुढे दौंडला कॉर्ड लाईन झाली आणि काही गाड्या स्टेशनात न शिरता बाहेरून तिरक्या निघून जाऊ लागल्या, ती ‘स्लँट’. दोन्ही वाटांवर वेळापत्रक चुकले तर प्रवासी एका फलाटावर आणि चेंडू दुसऱ्यावर, हाही अनुभव दौंडकरांना नवा नाही.

झेलकऱ्याचे आणखी एक काम प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळदा त्याच्याकडे चेंडू येणारच नसतो. तरीही त्याने जीव तोडून पळायचे असते, कारण तो पळाला की बचावाचे दोन गडी त्याच्यामागे जातात आणि मधली जागा मोकळी होते. शिरूर, खेड, आंबेगावच्या घाटांतले बैलगाडे पाहिलेल्या माणसाला याचा उलगडा लगेच होईल. जुकाटाचे आणि कांड्याचे बैल गाडा ओढतात. घोडी काहीच ओढत नाही. ती पुढे पळते म्हणून मागची बारी सेकंदात बसते. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, तेव्हा जल्लोष बैलांच्या नावाने झाला. झेलकऱ्यांतल्या घोडीच्या वाट्यालाही गुलाल कमीच येतो. प्रशिक्षक मात्र चित्रफीत मागेपुढे करून तिची पावले मोजतात.

खरी ओढाताण चौथ्या जागेपासून पुढे लागते, आणि ती झेलण्यावरून नसते. चारपैकी तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चढाईचा संघ चौथ्यात बहुधा चेंडू लाथेने दूर धाडतो. तो झेलून पळत येणाऱ्याला जागीच आडवा करायला दोन्ही कडांनी एकेक गडी सुटतो. त्याला ‘गनर’ म्हणतात. उलट बाजूने लाथेचा चेंडू आला तर तो उचलून पळणारा लागतो. ही कामे पहिल्या तिघांना देत नाहीत. त्यांचे गुडघे महाग असतात. एकट्या जस्टिन जेफरसन या झेलकऱ्याशी येथल्या व्हायकिंग्स संघाने २०२४ मध्ये चार वर्षांसाठी १४ कोटी डॉलरचा करार वाढवला. असा माणूस आडवे पाडण्याच्या धकाधकीत कोणी लोटत नाही. ती धकाधक चौथ्या, पाचव्या आणि सहाव्याच्या वाट्याला येते. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी जास्तीत जास्त ४८ जणांनाच गणवेश चढवता येतो. पाचवा झेलकरी फक्त झेलत असेल, तर त्याला गणवेश देण्यापेक्षा आडवे पाडणारा दुसरा कोणी बरा, असा हिशेब होतो.

कबड्डीत हेच पूर्वीपासून चालत आले आहे. मैदानात सात, बाकावर पाच, एकूण बारा. पहिले दोन-तीन चढाईबहाद्दर निवडताना हात किती लांब पोचतो ते पाहतात. पुढचा निवडताना ‘कोपरा धरतोस का?’ असे विचारतात. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्याचा, शिरूरकरांच्या घोड नदीपलीकडचा. तो अष्टपैलू, म्हणजे चढाई आणि पकड या दोन्हींना उतरणारा. इराणचा मोहम्मदरझा शादलूही त्याच जातकुळीचा. अमेरिकी प्रशिक्षक पाचव्या झेलकऱ्यात जे शोधतो ते हेच.

गुण सारखे पडले तर निकाल पैशावर लागतो. खेळाडूंच्या वार्षिक वाटपात, ज्याला येथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात, सात फेऱ्या होतात. त्यात निवडलेल्याला करारावर सही करताना रोख रक्कम मिळते. ऊसतोडीच्या हंगामात मुकादम टोळीला देतो ती उचल, तिची ही सातासमुद्रापारची बहीण. उचल दिलेल्या माणसाला काढले तरी ती रक्कम संघाच्या खर्चमर्यादेत धरली जाते. त्यामुळे उचल घेतलेला आणि न घेतलेला असे दोघे समसमान खेळले, तर पिशवी भरायला दुसऱ्याला सांगतात. सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला खेळाडू ‘तुर्क’ म्हणतात. त्याचे वाक्य ठरलेले: साहेबांनी बोलावले आहे, वही घेऊन ये. वहीच्या जागी आता टॅबलेट आला. वाक्याचा अर्थ बदललेला नाही.

वगळलेल्यांचे दोन वर्ग पडतात. चार हंगाम पुरे केलेला जुना गडी लगेच मोकळा होतो आणि कोणत्याही संघाशी बोलू शकतो. त्याहून नवा असेल तर त्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत बाकीच्या ३१ संघांपुढे ठेवतात. मागच्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाचा हक्क पहिला. कोणीच हात वर केला नाही, तर जुना संघ त्याला १६ जणांच्या सराव पथकात घेऊ शकतो. तेथे तो आठवडाभर सराव करतो आणि रविवारी टाळ्या वाजवतो. २०२५ मध्ये मुख्य यादीतल्या नवख्याचा किमान पगार वर्षाला ८ लाख ४० हजार डॉलर होता, सराव पथकाचा किमान आठवड्याला १३ हजार. अठरा आठवड्यांचे २ लाख ३४ हजार होतात. त्रेपन्नावा आणि चोपन्नावा यांच्या खेळात नखाएवढा फरक असतो; पगारात साडेतीन पटींहून अधिक.

सराव पथक म्हणजे शेवट, असे मात्र नाही. ॲडम थीलन मिनेसोटातल्याच डेट्रॉइट लेक्स या गावचा. त्याचे कॉलेज मँकेटोत, जेथे १९६६ पासून २०१७ पर्यंत व्हायकिंग्सचा उन्हाळी सराव होत असे. दौंडच्या पोरांनी राज्य राखीव दलाच्या जवानांची कवायत कुंपणाबाहेरून पाहावी, तसा तो संघ त्याच्या दाराशी होता. ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत त्याचे नाव आले नाही. २०१३ मध्ये तो चाचणीला आला, ऑगस्टमध्ये वगळला गेला आणि वर्षभर सराव पथकात राहिला. २०१४ मध्ये मुख्य यादीत आला तो लाथेच्या चेंडूमागे धावण्यासाठी. त्याच हंगामात प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू त्याने वाटेतच अडवला आणि तोच उचलून गुण मिळवले. झेलायची पाळी पुढे आली: २०१८ मध्ये हंगामाच्या पहिल्या आठही सामन्यांत त्याने शंभर यार्डांहून अधिक मजल मारली.

यादी लागली म्हणजे ती टिकते, असेही नाही. २०२५ मध्ये हंगामाच्या तोंडावर व्हायकिंग्सच्या एका झेलकऱ्यावर पहिल्या तीन सामन्यांची बंदी आली, दुसरा सरावात जायबंदी झाला. छाटणीच्या दुसऱ्याच दिवशी संघाने दुसरीकडे गेलेल्या थीलनला अदलाबदलीत परत आणले. तेव्हा त्याने पस्तिशी गाठली होती.



आपले,
मिनिआपोलिसकर मंडळी

ता. क. नातवाने छाटणीआधी वहीत सहा नावे लिहून ठेवली होती. पाच बरोबर आली. सहावा त्याने झेल मोजून निवडला होता.