अण्णांच्या जीपची करकर

"ऐकलंस का गं? अण्णांची जीप गॅरेजात जाऊन पडली."

माईंनी हातातलं सूप गडग्यावर ठेवलं. म्हणजे बातमी मोठी होती.

"काल तर वरच्या काजूच्या बागेत निघाली होती ना?"

"निघाली, पण पोचली कुठे? पऱ्या ओलांडला, चढ लागला, अण्णांनी फोर-व्हील टाकला आणि पुढून करर्र-करर्र सुरू. कातळावर पत्रा ओढावा तसा आवाज. आता मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवायला लागेल. वहिनींचा चेहरा बघवत नाही."

माईंच्या यजमानांचं रत्नागिरीला गॅरेज होतं. ते हात काळे करायचे, माई गल्ल्यावर बसून बिलं लिहायच्या. त्यामुळे गाडीतला प्रत्येक भाग त्यांना कामाच्या नावासकट आणि मजुरीसकट पाठ आहे. वाडीतल्या पुरुषांना हे जरा खुपतं.

"उतरवू देत की," मी म्हटलं. "आवाज येतोय तर बघायला नको?"

"बघायला हवंच गं. पण आवाज कधी येतो, ते कुणी विचारलं का? गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. क्लचवरचा पाय काढला की घरघर आणि दाबला की चूप, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय. उलट दाबल्यावरच किंचाळली, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. अण्णांची जीप उभी असताना हूं की चूं करत नाही. मी स्वतः विचारलंय वहिनींना."

"म्हणजे चालताना करते."

"चालतानाही सगळ्या वेळी नाही. काल जीपबरोबर गेलेल्या बंड्याला मी खोदून विचारलं. परत येताना फोर-व्हील काढला होता, हब मोकळे केले होते. उतारावर क्लच दाबून सोडली, तरी आवाज नाही. गिअरमध्ये टाकून ओढली, तरी नाही. मग मागचा क्राऊन, मागचा शाफ्ट, गिअरबॉक्स यांचा काय गुन्हा? जे करायचं ते पुढचा भाग करतोय, तेही जोर पडल्यावर."

मला हब म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. माईंना तेवढंच हवं होतं.

"पुढच्या चाकाच्या मधोमध तो गोल फिरवायचा खटका असतो बघ, तो. मोकळा केला की चाक आपलं आपलं फिरतं. आतला ॲक्सल, डिफरन्शियल, पुढचा शाफ्ट सगळे झोपलेले. लॉक केला की चाक ॲक्सलला जोडलं जातं. १९४१ च्या विलिस जीपला हे नव्हतंच, पुढचं सगळं लटांबर कायम गरगरत राहायचं. लढाई संपली, लष्कराच्या जुन्या जीप लोकांनी घेतल्या, त्या डांबरी रस्त्यावर हलक्या चालाव्यात म्हणून सिएटलच्या आर्थर वॉर्नने १९४८ च्या सुमाराला हे हब विकायला काढले. आमच्या ह्यांना असल्या गोष्टींचं भारी वेड. गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हे वॉर्नचं पुराण सांगतायत."

"पण माई, अण्णांचा मुलगा पुण्याहून आला होता ना गणपतीत? त्यानेच काहीतरी केलं असेल."

"केलंय तर! पुढचे दोन टायर नवे घातले, मागचे तेच झिजलेले. वर होणाऱ्या सासऱ्यांना दाखवायला साखरप्यापर्यंत कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये गाडी नेली. अगं, वळणावर पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. ह्या गाड्यांत मध्ये डिफरन्शियल नसतं, पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले. चिखलात चाक जरा घसरतं आणि तो पीळ सुटतो. डांबरावर सुटायला जागाच नाही. स्टीअरिंग जड होतं, टायर उड्या मारतात, मग फोर-व्हीलचा दांडा निघता निघत नाही. थोडी सरळ मागे घेतली की सुटतो. नव्या-जुन्या टायरची गोलाई वेगळी असेल, तर सरळ रस्त्यावरही पीळ बसतो. सोयरीक जमली हे नशीब."

"जमली?"

"जमली गं, दिवाळीनंतर साखरपुडा. मुलगी बँकेत आहे. तर काय सांगत होते... हां. कालचा आवाज पिळाचा नाही, काल चिखल होता. मग उरलं काय? वळताना टक-टक आली असती तर पुढच्या ॲक्सलचा सांधा म्हटलं असतं. गाडी सुटताना ठण्ण वाजलं असतं तर शाफ्टचा क्रॉस. एकीकडे वळलं की वाढणारी घरघर असती तर चाकाचं बेअरिंग. जॅक लावून चाक वर-खाली हलवलं की कळतं. बंड्या म्हणतो, असलं काही नाही. चढावर करर्र, आणि गाडी पुढून ओढतच नव्हती."

मग माईंनी सूप बाजूला सारलं आणि आवाज खाली आणला.

"हब कुणी फिरवले होते माहितेय? अण्णा आत बसून. बंड्या गुडघाभर चिखलात. उजवा पुरता फिरला, डावा मध्येच अडला. आतून हाकाट्या चालू, म्हणून पोराने 'झालं' म्हणून टाकलं. अर्धवट अडकलेल्या हबात दात दातावर बसतात आणि जोर आला की निसटतात. एका बाजूचा हब सुटला की पुढची ताकद तिकडूनच वाहून जाते, उजवं चाकही ओढत नाही. कुणीतरी गाडीच्या बाजूने चार पावलं चालत गेलं असतं, तर आवाज चाकापाशी आहे हे कानाला कळलं असतं."

"मग सांगा ना मिस्त्रीला!"

"सांगितलं. मी म्हटलं, गिअरबॉक्सला हात लावण्याआधी डावा हब उघड. आणि उघडतोच आहेस तर ट्रान्सफरचं नि डिफरन्शियलचं नव्वद नंबर तेल काढून बघ. चुंबकावर करडा लगदा असतोच, त्याला घाबरू नको. दाताचे तुकडे निघाले तर मला बोलाव. दुधाळ दिसलं तर पऱ्याचं पाणी आत गेलंय, तेल बदल."

"ऐकलं त्याने?"

"वहिनी समोर उभ्या होत्या, ऐकतो कसा नाही!"

संध्याकाळी बंड्या सांगत आला. डाव्या हबात ग्रीस वाळून गेलेलं, त्यात तांबडी माती, सरकणारी कडी अर्ध्यावर रुतलेली, दातांच्या कडा गोल झालेल्या. डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं, ते बदललं. ट्रान्सफरचं स्वच्छ होतं. हब नवा बसवला, गिअरबॉक्स उघडलाच नाही. तरी मिस्त्रीने बिलात गिअरबॉक्स उतरवण्याची अर्धी मजुरी लावलीच, आणि ते बिल वहिनींनी पैसे देण्याआधी माईंकडे तपासायला पाठवलंय.