थेटरात घर, घरात थेटर

आमच्या घरात सध्या चित्रपट बघताना बोलायला बंदी आहे. नियम चिरंजिवांचा. ५५ इंची टीव्ही त्याच्या पगारातून आला, त्यामुळे कायदेही त्यानेच केले. टीव्हीखाली एक लांबलचक काळा दांडा आहे. त्याला साउंडबार म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यावर चष्मा काढून ठेवला, तर घरात दुखवट्याचं वातावरण. चित्रपट सुरू व्हायच्या आधी पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, मोबाइल पालथे घालायचे. परवा मी एवढंच विचारलं, "हा तो बँकेच्या जाहिरातीतला ना?" तर अंधारातून तीन बाजूंनी "शूऽऽ!" स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर, बनियनवर बसलेल्या माणसाला शूऽऽ!

याच मंडळींनी गेल्या रविवारी मला मल्टिप्लेक्सला नेलं. तिथे खुर्चीचं बटण दाबलं की तिचा पलंग होतो. एक मुलगी येऊन पांघरूण देऊन गेली. पुढच्या रांगेतल्या सद्गृहस्थांनी बूट काढले, मग मोजे काढले, मग ते मोजे हाताच्या दांड्यावर वाळत घातले. डावीकडच्या बाई व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी पडदा दाखवत होत्या. नायिकेच्या वडिलांना हार्ट अटॅक आला त्याच क्षणी एक वेटर कंबरेत वाकून आला आणि कानाशी म्हणाला, "सर, चीज की कॅरॅमल?" एवढं सगळं झालं, पण कुणी कुणाला शूऽऽ केलं नाही.

म्हणजे घराचं थेटर झालं आणि थेटराचं घर. ही अदलाबदल कधी झाली, ते मला कुणी विचारलं नाही. पण सदर माझं आहे.

चित्रपट या देशात आला तो ७ जुलै १८९६ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ होता, तिकीट सरसकट एक रुपया. काही दिवसांत तो नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि तिथे तिकिटं झाली चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत, शिवाय पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. नवलाई महिनाभर जुनी व्हायच्या आत आपण तिच्यात पिट, बाल्कनी आणि बायकांची बाजू करून टाकली. या कामात आपल्याला कधीच उशीर होत नाही.

तरी अंधार झाला की ही सगळी वर्गवारी बऱ्यापैकी मोडायची. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा बायका थेटराबाहेर चपला काढून आत जात आणि पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत. लालबागच्या भारतमातात गिरणीतली पाळी संपवून आलेली माणसं मराठी चित्रपटाला बसत. शिट्टी हा तिकिटाचाच एक भाग होता. फोकस बिघडला की साताठशे माणसं एका सुरात ऑपरेटरच्या मातोश्रींची चौकशी करायची, आणि पुढच्या क्षणी चित्र स्वच्छ व्हायचं. तक्रार निवारणाची इतकी कार्यक्षम व्यवस्था नंतर कुठल्याही खात्यात पाहिली नाही. डोअरकीपरच्या हातातली बॅटरी तोंडावर पडली की भलेभले मान खाली घालून आपल्या रांगेत जात. आताच्या थेटरात बॅटरी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, म्हणून ती प्रत्येकजण पेटवतो.

आणि घर? २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या कृपेने आम्हा पुणेकरांनाही ते दिसू लागलं. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे. शनिवारी दुपारपासूनच काकूंच्या दारासमोर मुलांच्या येरझाऱ्या सुरू. संध्याकाळी दाराशी तीसपस्तीस चपलांचा ढीग पडे. त्यातली आपली जोडी नंतर सापडली तर तो दिवस भाग्याचा. टीव्हीला लाकडी शटर, आणि ते उघडायचा मान फक्त काकांचा. मुलं पुढे जमिनीवर, बायका भिंतीला टेकून, पुरुष दारात उभे. ज्यांचा टीव्ही ते काका मात्र एका स्टुलावर, शेजारच्यांच्या खांद्यावरून वाकून बघत. मी नंतर मोठमोठे यजमान पाहिले, पण स्वतःच्या घरात कोपऱ्यात बसायला तयार असणारा तसा नाही पाहिला.

तिथे बोलायला बंदी नव्हती. उलट बोलण्यासाठीच आलेली माणसं होती. कुणाचं लग्न कुणाशी ठरलंय हे पडद्यावरचं आणि वाड्यातलं एकाच वेळी कळायचं. खलनायक आला की काकू त्याला काय म्हणत ते मी इथे छापू शकत नाही. मध्येच गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरायचा. मग एकजण वर, एक जिन्यात, एक दारात. "आला का?" "नाही!" "आता?" "आला, आला... गेला!" आणि सगळं ठीक चाललं असेल तर दूरदर्शनच मदतीला यायचं. पडद्यावर 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'ची पाटी लागायची आणि तेवढ्यात चहा व्हायचा. पुढे व्हिडिओ आला तेव्हा तर एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून तीन कॅसेटी ओळीने बघायच्या. पहाटे चारला तिसऱ्या चित्रपटाच्या क्लायमॅक्सला फक्त व्हीसीआर जागा असायचा.

तर त्या काळी घरात गर्दी होती आणि थेटरातही गर्दी होती. आता घरात शिस्त आहे आणि थेटरात पलंग आहे. गर्दी कुठे गेली, तर ती बाहेरच्या पॉपकॉर्नच्या रांगेत उभी आहे.

पॉपकॉर्नचा विषय निघालाच आहे. आमच्या सौ.नी पर्समध्ये कोथिंबीर वडीचा छोटा डबा ठेवला होता. दारावरच्या मुलीने विमानतळावर बाँब शोधावा तशी पर्स तपासली आणि डबा जप्त. परत मिळण्यासाठी टोकन दिलं. कोथिंबीर वडीला टोकन! हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेलं आहे. बाहेरचे पदार्थ आत न्यायला मनाई करण्याचा हक्क थेटरवाल्यांना आहे, पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं, असं न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलं. सुनावणीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलबीचा दाखला दिला. कुणी आत जिलबी खाल्ली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर ती धुण्याचा खर्च कुणी द्यायचा? प्रश्न बिनतोड आहे. आपल्या समाजाचं इतकं अचूक निरीक्षण मी समाजशास्त्राच्या पुस्तकातही वाचलेलं नाही. फक्त मला सांगायचंय की कोथिंबीर वडी कोरडी असते.

खाण्यावरून आपल्याकडे थेटर कायमच तापतं. एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवायची सक्ती केली. चर्चा व्हायला हवी होती चित्रपटांची, झाली दही मिसळीची. शोभा डे यांनी ट्विट केलं की आता पॉपकॉर्न जाऊन दही मिसळ आणि वडापाव येणार. त्यावर शिवसैनिक वडापाव आणि मिसळ घेऊन थेट त्यांच्या घरी निघाले. एखाद्याचा निषेध म्हणून त्याला मिसळ खायला घालणारं आपलं एकमेव राज्य असावं. गंमत पुढे आहे. मी गेलो त्या मल्टिप्लेक्सच्या मेनूत आता वडापाव आहे, दोन इंची, काठीत खुपसलेला. त्या किमतीत नाक्यावर अख्ख्या रांगेला वडापाव झाला असता.

मग आत गेल्यावर जाहिराती. तिकिटावरची वेळ ही चित्रपटाची नसून जाहिरातींची असते, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. बंगळुरूतल्या एका प्रेक्षकाला हे पटलं नाही. पंचवीसेक मिनिटं जाहिराती दाखवून आपला वेळ घालवला, म्हणून तो ग्राहक आयोगाकडे गेला आणि २०२५मध्ये त्याला भरपाई मंजूरही झाली. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे जाहिराती चालू आहेत. पण घरी तरी काय वेगळं? घरी चित्रपट निवडण्यातच पाऊण तास जातो. "हा बघितलाय." "हा रडका आहे." "याला रेटिंग नाही." "हा कोरियन आहे, वाचत बसावं लागेल." शेवटी जेवण गार होतं आणि आम्ही 'अशी ही बनवाबनवी' लावतो. १९८८ सालचा चित्रपट, प्रत्येक वाक्य पाठ, आणि तरीही एकमत होणारा घरातला एकमेव विषय.

साउंडबारबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्याने बोलणंच बंद केलंय. हल्ली चित्रपटाचा आवाज थेटरासाठी जुळवलेला असतो. तिथे संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि बाँबगोळे चहूबाजूंनी. सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा जमिनीकडे तोंड करून बसलेले असतात. तिथे ते सगळं एका चिंचोळ्या वाटेतून बाहेर पडू बघतं. त्यामुळे नायक कुजबुजला की आवाज वाढवायचा आणि गाडी उडाली की धावत कमी करायचा. ही कसरत टळावी म्हणून दांडा आणला, तर आता खालच्या मजल्यावरचे जोशी दर स्फोटाला वर फोन करतात. शेवटी आम्ही मराठी चित्रपट इंग्रजी सबटायटल लावून बघतो. शिवी आली की खाली नुसत्या फुल्या. तेवढं भाषांतर मात्र अचूक.

पण घरच्या चित्रपटाचा खरा घात केला तो पॉजच्या बटणाने. आपले चित्रपट मध्यंतरावर रचलेले असतात. लेखक तासभर राबून कथेला कड्याच्या टोकावर आणतो, हिरोच्या मागे कुणीतरी पिस्तूल घेऊन उभं राहतं, 'मध्यंतर' अशी अक्षरं उमटतात. थेटरात त्यानंतर पंधरा मिनिटं तर्कवितर्क. घरी तीच अक्षरं उमटतात आणि पुढच्याच सेकंदाला गोळी सुटते. रात्रीच्या एसटीने ओस स्टँडवर चक्कर मारून निघून जावं, तसं ते मध्यंतर निघून जातं. उलट जिथे थांबू नये तिथे आम्ही थांबतो. कुकरची शिट्टी, पॉज. कुरिअर, पॉज. "गॅस बंद केला का गं?", पॉज. एका भयपटाला आमच्याकडे अकरा मध्यंतरं झाली. नववं संपलं तोवर भुताचीच दया येऊ लागली होती.

थेटरात पैसे गेलेले असतात, म्हणून माणूस शेवटपर्यंत बसतो. हा आपला राष्ट्रीय गुण आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. किती चित्रपटांचा पहिला अर्धा तास मी केवळ तिकिटापायी सोसला आणि शेवटी डोळे पुसत बाहेर आलो! ते घरी असते तर दहाव्या मिनिटाला रिमोट खाली आपटला असता. आणि 'सैराट' २०१६मध्ये थेटरात पाहिला तेव्हा गाणी सुरू होताच माणसं रांगांतून उठून नाचत होती. तोच शेवटच्या दोन मिनिटांत सगळं थेटर गपगार. शेकडो माणसांचं ते एकदम गप्प होणं कुठल्या साउंडबारमधून आणणार?

घराच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. झोप. थेटरात डोळा लागला तर मिनिटाला किती रुपये जातात याचा हिशेब झोपेतही चालू राहतो. घरची झोप फुकट. उठल्यावर बाकीचे सांगतात, "काही नाही झालं, तो मेला."

तर गेल्या रविवारी आई आमच्याबरोबर होती. वय ८१. मल्टिप्लेक्सची तिची पहिलीच वेळ. पलंग होणारी खुर्ची तिला फार आवडली. चार वेळा वर-खाली करून बघितली, मोटर किती वीज खाते ते विचारलं. चित्रपट रंगात आला. नायिका बंद दाराशी उभी, आत काय आहे कुणाला माहीत नाही, पार्श्वसंगीतही थांबलं. आणि त्या शांततेत आई घरच्या आवाजात म्हणाली, "अरे, जरा थांबव. मला जाऊन यायचंय."

नातू खुर्चीत आणखी खाली सरकला. मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं, मग आणखी कुणी. मोजेवाल्या गृहस्थांनी पाय आवरून वाट करून दिली, व्हिडिओ कॉलवाल्या बाईंनी मोबाइलची बॅटरी पायऱ्यांवर धरली. सौ. तिला घेऊन गेल्या.

पाच मिनिटांनी आई आली, बसली, बटण दाबून पाय वर केले आणि मला विचारलं, "काय झालं रे मधे?"

मी तोंड उघडायच्या आत मागून एक मुलगी म्हणाली, "आजी, आत तिची बहीण होती." डावीकडून आवाज आला, "बहीण नाही हो, सवत." मोजेवाले मान वळवून म्हणाले, "सवत वगैरे काही नाही, तिला तसा भास होतोय." मग मागच्या दोन रांगांत त्यावर बारीकसा वाद पेटला. पडद्यावर काय चाललंय ते कुणालाच ऐकू येईना. आई सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत होती, डोळे मिचकावत, वाड्यातल्या काकूंकडे भिंतीला टेकून बसायची तशी.

चिरंजिवांनी शूऽऽ करायला बोट ओठांवर नेलं होतं. मग ते तसंच खाली आणून कॅरॅमल पॉपकॉर्नमध्ये घातलं आणि टब आजीपुढे धरला.