चाराला सात

दर सोसायटीत एक दुरुस्तीवाले काका असतात. निवृत्त, चष्मा कपाळावर, खिशात टेस्टर. घरचा मिक्सर बंद पडला तर "मोटर जळली, नवा घ्या" म्हणून मोकळे होतात. पण पन्नास वर्षं मुकी असलेली वस्तू दिसली की यांना कंठ फुटतो. आमचे काका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात नळाची तोटी आणायला गेले आणि कुकू घड्याळ घेऊन आले. नळ अजून गळतोय.

घड्याळ जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं. रेल्वेच्या चौकीसारखं हे उतरत्या छपराचं घर १८५० साली फ्रीडरिश आयझेनलोर या वास्तुविशारदाने आखलं, हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे.

जेवणाच्या टेबलावर शवविच्छेदन झालं. पक्ष्याचा गळा म्हणजे दोन लाकडी शिट्ट्या आणि त्यांवर दोन इवले भाते. भात्यांचा कागद उंदरांनी खाल्लेला. काकांनी नवा चिकटवला, पण शिट्ट्यांची अदलाबदल झाली. आधी वरचा सूर, मग खालचा, असं म्हणायचं सोडून पक्षी उलटं आळवू लागला. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "उचकी लागलीय त्याला. पाणी द्या."

कोकीळ परक्या घरट्यात अंडी घालते. हिने काकूंच्या मिसळणाच्या डब्यात स्क्रू घातले. मोहरीच्या वाटीतला एक तर फोडणीपर्यंत पोहोचला होता.

साखळ्यांना लटकणारी पाइनच्या फळांसारखी लोखंडी वजनं आधीच हरवलेली. त्यांच्या जागी एका साखळीला वाण्याचं जुनं वजन आणि दुसरीला खलाचा छोटा बत्ता आला. ही दुसरी साखळी चालीची. त्यामुळे लसूण ठेचायची वेळ झाली की आमच्याकडे वेळ थांबते.

मग टिकटिक. दोन ठोक्यांतलं अंतर सारखं हवं, म्हणून काका घर केसभर डावीकडे कलवतात, कान लावतात, पुन्हा उजवीकडे. तेवढा वेळ कुकरनेही शिट्टी करायची नाही.

आता घड्याळ चालतं. अर्ध्या तासाचा एकेक धरून दिवसाला १८० वेळा ओरडतं. फक्त चाराला सात वेळा. जुन्या घड्याळात ठोके मोजणारं चाक वेगळं असतं. काट्यांचा त्याला पत्ता नसतो. काकूंनी तोडगा काढलाय. पक्षी थांबला की तीन वजा करतात आणि चहा टाकतात. पाहुण्यांनाही तेवढं गणित शिकवलंय.

परवा मीच न राहवून म्हटलं, "काका, ती ठोक्यांची तार थोडी उचलून पुढचे ठोके वाजवून घेतले की हिशेब जुळतो ना? तुम्हीच सांगितलं होतं."

काकांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हिला बोलू नकोस. दिवाळीपर्यंत पुरवायचंय."