हंस त्यांचे, मगरी आपल्या

उन्हाळा लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातली मराठी मंडळी 'जरा लंडन करून येतो' म्हणत निघतात आणि एक दिवस शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला काढतात. १५६४ साली तिथे जन्मलेल्या माणसाचं एकही नाटक न वाचता त्याच्या घरासमोर फोटो निघतात. मग एव्हनच्या काठी बाकावर ठेपल्यांचा डबा उघडतो. पाण्यातले हंस बघून काकू हळहळतात, "किती स्वच्छ ठेवलीय हो नदी!" काका रिकामी पिशवी हातात धरून अर्धा फर्लांग कचरापेटी शोधतात.

हेच काका बडोद्यात परतले की विश्वामित्री नदीच्या पुलावर स्कूटर थांबवतात, निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी कठड्यावरून भिरकावतात आणि वर नमस्कारही करतात. खाली ऐन शहरात मगरी नांदतात. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या थेट सोसायट्यांमध्ये आल्या, तेव्हा काका गच्चीतून महापालिकेचा उद्धार करत होते.

त्यात नवल काय? स्ट्रॅटफर्डची नदी बघायला आपण पैसे मोजून जातो. विश्वामित्रीला बघायला कुणी फिरकत नाही, म्हणून तीच घरी येते. तिला व्हिसाही लागत नाही.