दहा बाय चौदातलं थिएटर

डोंबिवलीत फ्लॅट घेताना कार्पेट एरियाच्या एकेका फुटासाठी बिल्डरशी हुज्जत घालणारा माणूस जुना प्रोजेक्टर घ्यायला निघाला की टेप घरीच विसरतो. त्याचे प्रश्न दोनच: लुमेन किती आणि फायनल किती? दोन्हींची उत्तरं विकणाऱ्याच्या जिभेवर तयार असतात. खरा निकाल लागतो तो घेणाऱ्याच्या हॉलच्या लांबीवर, आणि ती विचारायची विकणाऱ्याला गरजच नसते. शंभर इंची चित्र सव्वासात फूट रुंद पडतं. ऑफिसातून निवृत्त झालेल्या बऱ्याच प्रोजेक्टरांचा थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दीडच्या आसपास असतो, म्हणजे यंत्र भिंतीपासून जवळजवळ अकरा फुटांवर हवं. त्यात त्याची स्वतःची लांबी, वायरी आणि गरम हवेला वाट धरली की झाले साडेबारा. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये हे बसतं. सोफा, शोकेस आणि माणसं कुठे हलवायची एवढंच ठरवायचं राहतं. शेजाऱ्याची भिंत पाडून जागा काढावी म्हटलं, तर त्यालाही शंभर इंचच हवे असतात.

अंधार तर जागेहूनही महाग. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ पासून शांबरिक खरोलिकेचे खेळ केले. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं पडद्यावर टाकून कथा सांगितल्या, तेही मुंबईत सिनेमा पोचायच्या चार वर्षं आधी. पण त्यांच्या कंदिलाला समोरच्या विंगेच्या जिन्यातल्या दिव्याशी झुंजायचं नव्हतं. आपल्याकडे बाहेर सोसायटीचा हॅलोजन, आत ट्यूबलाइटखाली कुणी भाजी निवडतंय आणि कुणाची उद्या परीक्षा. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही; पडद्यावरचा काळा म्हणजे खोलीत जेवढा अंधार शिल्लक असेल तेवढाच. त्यामुळे ठाण्यातल्या दिवाणखान्यात भुताचा सिनेमा लावला तर भूत राखाडी दिसतं, आणि त्याच्यामागचं कॅलेंडर स्पष्ट.

म्हणून ऐंशी इंचांवर थांबावं. तेवढ्याला पावणेनऊ फूट पुरतात. शिवाय उजेड कमी जागेत पडल्यानं चित्र शंभर इंचांपेक्षा दीडपट उजळ होतं, आणि जुन्या दिव्याला तीच मदत हवी असते. कारण कंपनी दिव्याचं जे आयुष्य सांगते, ते साधारणपणे त्याचा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं. यावर कुणी म्हणेल, मग जवळूनच मोठं चित्र टाकणारा शॉर्ट थ्रो घ्या की! अवश्य घ्या. पण बाजारात येणारे पुष्कळसे शाळेच्या वर्गातून आलेले असतात, १०२४ बाय ७६८ चे. त्यांवर रुंद सिनेमा लावला की उंचीतल्या ५७६ रेषाच कामाला येतात, बाकी वर-खाली पट्ट्या. दुसरा म्हणेल, त्याच पैशात दहा हजार लुमेनचा नवा कोरा मिळतो. आकड्यामागे ‘आन्सी’ हे मोजणीचं मानक नसेल तर तो आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला पगार. त्रेचाळीस इंची टीव्ही घ्या, हा आक्षेप मात्र दमदार आहे. रोज रात्री बातम्या आणि मालिका पाहणाऱ्यांनी तो निमूट मान्य करावा. शनिवारी दिवे घालवून एक सिनेमा पाहणाऱ्याला साडेतीनपट मोठं चित्र मिळतं, प्रोजेक्टर त्याच्यासाठी.

राहता राहिला व्यवहार. आपल्याकडे जुन्या वस्तूंचे सौदे स्टेशनवर, पुलाखाली, एका लोकलमधून उतरून दुसरी पकडायच्या मधल्या वेळात होतात. तिथे ना प्लग, ना अंधार. विकणाऱ्याच्या घरी रात्री जावं आणि यंत्र किमान अर्धा तास चालवावं. चहा आला तर घ्यावा, पण नजर पडद्यावर ठेवावी. मेनूतले दिव्याचे तास शून्य दिसले म्हणून हुरळू नये, रिसेटचं बटण दिवा न बदलताही दाबता येतं. फिल्टर काढून पाहावा: त्यावर धुळीचा नमदा बसला असेल तर ‘फारसा वापरलाच नाही’ या वाक्याचं काय ते कळतं. पांढऱ्या पडद्यावर पिवळे-निळे डाग दिसले तर एलसीडीची पॅनेलं थकली आहेत. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके चमकले तर डीएलपीचे आरसे अडकले आहेत. विकणारा त्यांना धूळ म्हणेल. पुसून दाखवा म्हणावं.